बाबांच्या खाटेपाशी नारळ उभा राहिला

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पाणाड्यांवर तर त्याहून नाही. सौंसरला शाळेत विज्ञान शिकवतो हो मी! तरी लिहितोय, कारण हे पोटात राहत नाही.

तिगाव स्टेशनजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. बोअरची जागा बघायला बाबांनी माझं न ऐकता पाणाड्या बोलावला - सुखदेवभाऊ. तळहातावर आडवा नारळ ठेवून ते सकाळी बगीचाभर फिरले; खाली पाणी असलं की तो उभा राहतो म्हणे. नारळ ढिम्म. मी मनातून खूश! शेवटी ते बाबा बसले होते त्या खाटेपाशी आले आणि नारळ ताडकन उभा...

बाबांनी खाट दहा फूट सरकवली आणि पुन्हा तिच्यावर बसले. जुन्या जागेवर नारळ आडवा, खाटेजवळ गेला की पुन्हा उभा.

"बाप्पा! जमिनीत नाई, पाणी तुमच्यातच हाये," सुखदेवभाऊ म्हणाले. "पन झरा नाई हा. खाली कुठंतरी नळी दबली असन."

मी पोट धरून हसलो.

अर्ध्या तासात बाबांना धाप लागली. निजवेना, बोलवेना, तोंडाला फेस. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात बीपी भलतंच चढलेलं आणि एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत पाणी! इंजेक्शनं दिली, भरपूर लघवी झाली, संध्याकाळी बाबा चहा मागायला लागले. पण ही तिसरी खेप होती, आणि हृदय दर वेळी ठणठणीत. पुढच्या वेळी बाबा हातचे जाणार, या विचारानं मी पार घाबरलो. आई जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलली, मी बाबांना नागपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना नारळाचा किस्सा गंमत म्हणून सांगितला. त्या हसता हसता थांबल्या.

"खाली नळी दबली, म्हणाला तो पाणाड्या?"

लगेच त्यांनी किडनीच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करवली. दोन्हीकडच्या अरुंद झालेल्या! त्यामुळंच बीपी उसळायचं आणि फुप्फुसात एकाएकी पाणी भरायचं. स्टेंट टाकले.

महिन्याभरानं सुखदेवभाऊ तब्येत विचारायला आले. बाबा खाटेवर ऐटीत बसले. "काढ नारळ. मास्तर लय हसून राहिला होता ना, पाहू दे त्याले."

सुखदेवभाऊंनी खाटेभोवती चक्कर मारली. नारळ आडवाच राहिला... आणि मला सगळ्यांसमोर रडू आलं.

हाताच्या स्नायूंची नकळत हालचाल होते आणि नारळ उठतो, हे मी वर्गात शिकवतो. पण सुखदेवभाऊंच्या स्नायूंना बाबांच्या किडनीचं काय माहीत? त्या दिवशी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो, मागे कुणी नाही हे पाहिलं आणि हळूच म्हणालो, "भाऊ, एक चक्कर माझ्याभोवती मारता का?"