मोहफुलांचं उत्तर

शहापूरजवळ रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला, की मला आंधळगावाकडच्या एका शाळेतला माझा सातवीचा वर्ग आठवतो. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. मी नवा मास्तर होतो आणि भूगोलात नेपाळ शिकवत होतो. समुद्र नाही, सगळा डोंगर. लोकर होते, जडीबुटी होते. मग सहज विचारलं, "आपल्या इकडे काय काय होते?"

मुलं धान म्हणाली, रेशमाचा कोसा म्हणाली. मागच्या ओळीतली शेवंता हात वर करून म्हणाली, "मोहफूल."

"म्हणजे दारू!" मी म्हणालो. सारा वर्ग हसला, मीही हसलो.

ती उभीच राहिली. "नाई, गुरुजी. आमी खातो ते. घरचे धान सरले का माय मोहफुलं उकडून देते."

मी तिच्याकडे न बघता फळ्यावर धान आणि कोसा एवढंच लिहिलं.

माझी आईही मोहफुलं उकडायची. तीच खाऊन मी शिकलो होतो. वर्गाला एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही, आणि शेवंतानं वर्षभर पुन्हा हात वर केला नाही.