लिगायाची निनांग

एफ्रेन दिमागिबा मनिलात कवळ्या बनवतो. लोकांना दात देता देता स्वतःची बत्तिशी मात्र त्याला कधी मिटून ठेवता आली नाही. मुलगी लिगाया जन्मली तेव्हापासून तो गल्लीभर सांगत सुटला होता, "माझी पोर नन्सच्या शाळेत जाणार! सरकारी शाळेत साठ पोरांमागे एक बाई. ती शिकवणार काय, डोंबल?" खोटं नव्हतं म्हणा. पण नन्सच्या शाळेला फीबरोबर चांगली ओळखपाळखही लागते, आणि ती काही मापं घेऊन बनवता येत नाही.

म्हणून ह्या शहाण्याने बाप्तिस्म्यापासूनच फासे टाकायला घेतले. चर्चमध्ये मुलीची जबाबदारी घेणारे ते निनोंग आणि निनांग, म्हणजे धर्मबाप आणि धर्मआई. एफ्रेनने असे तब्बल अठरा जण गाठले. नगरसेवक, बँकेचा मॅनेजर, निवृत्त फौजदार, आणि सगळ्यांवर कळस म्हणजे न्यायाधीशांच्या पत्नी, मॅडम कॉर्देरो.

"अरे, बाप्तिस्मा आहे की निवडणूक?" बायको तेसिंग म्हणाली. पण ऐकतो कोण!

नेमकं त्याच दिवशी मॅडमचं डोकं दुखलं. त्यांच्या बदली उभं राहायला कुणीतरी हवं, म्हणून गल्लीच्या तोंडाशी पेज विकणाऱ्या आलिंग इसिंगला हाताला धरून उभं केलं. मेणबत्ती तिने धरली, दाखल्यावर नाव मॅडमचं लागलं. चालतं आमच्याकडे असं. बाकीचे सतरा भाजलेलं डुक्कर चापून गेले ते गेलेच. इसिंग तेवढी राहिली. तेसिंग कामावर गेली की लिगायाला सांभाळायची ती, तापात उशाशी बसायची ती, नाताळला फ्रॉक आणायची तीही तीच. सगळी गल्ली तिला आलिंग इसिंग, म्हणजे इसिंगमावशी म्हणायची, लिगाया एकटी निनांग म्हणायची.

सहा वर्षांनी शाळेचं बोलावणं आलं. मुलीची मुलाखत, आणि सोबत एका धर्मआईचं नाहीतर धर्मबापाचं शिफारसपत्र. एफ्रेन फोनला चिकटला. नगरसेवक मीटिंगमध्ये, फौजदाराचा गुडघा दुखत होता, मॅनेजरने तर "कोण लिगाया?" असंच विचारलं. शेवटी मॅडमनी कृपा केली. पत्र आलं. 'हा मुलगा अत्यंत गुणी आहे,' असं त्यात लिहिलं होतं.

"फाडून टाक ते! आलिंग इसिंगला घेऊन चल, ती दोन शब्द खरे तरी बोलेल," तेसिंग म्हणाली.

"पेजवालीला? नन्ससमोर? शुद्धीवर आहेस ना?"

आठवडाभर त्याने पोरीकडून घोकून घेतलं. निनांग कोण? मॅडम कॉर्देरो. पुन्हा सांग. मॅडम कॉर्देरो.

तरी मुलाखतीच्या सकाळी लिगाया इसिंगचा हात सोडेना, म्हणून तिलाही न्यावं लागलं. बिचारीने धंदा बंद ठेवून चर्चला जायचा एकुलता एक झगा घातला होता. एफ्रेनने तिला दाराशी बाकावर बसवलं.

सिस्टरने पत्राखालची सही तेवढी पाहिली. मुलगा की मुलगी, एवढ्या बारीकसारीक गोष्टींत मोठ्या शाळा पडत नाहीत.

"बाळ, तुझी निनांग कोण?"

लिगायाने आधी दाराकडे पाहिलं, इसिंग हसली. मग बापाकडे पाहिलं. त्याचे डोळे वटारलेले.

"मॅडम कॉर्देरो."

"छान. आणि त्या कोण?" सिस्टरने बाकाकडे बोट केलं.

हे काही घोकलेलं नव्हतं. एफ्रेनला दरदरून घाम फुटला.

"ती?" लिगाया म्हणाली. "ती पेज विकते."

"हुशार आहे हो मुलगी," सिस्टर म्हणाली आणि अर्जावर शिक्का मारला.

प्रवेश मिळाला! सहा वर्षं ज्यासाठी जिवाचं रान केलं ते हातात आलं, आणि एफ्रेनला इसिंगकडे मान वर करून बघवेना. फाटकाशी इसिंगने वाकून पोरीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

"सगळं नीट सांगितलंस ना गं? कुठे चुकली नाहीस ना?"

"नाही, आलिंग इसिंग," लिगाया म्हणाली.