दुसरी वेलांटी

मला दिसत नाही, म्हणून फोन मोठ्याने वाचून दाखवतो. पण ऱ्हस्व काय नि दीर्घ काय, त्याच्या तोंडी सगळं सारखंच. मग शंका आली की एकेक अक्षर वदवून घ्यायचं. नुसता वैताग!

काल सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या सत्काराच्या बॅनरचा मजकूर पाठवला. 'जागतिक दिव्यांग दिन', फोनने खणखणीत वाचलं. तरी मी शेवटचा शब्द सुटा करून ऐकला. द, दुसरी वेलांटी, न. दीन! बापडा, केविलवाणा. आणि खाली माझं नाव. सत्कार आणि कीव यांच्यात एका वेलांटीचंच अंतर असतं की काय?

फोन केला, तर सेक्रेटरी हसले. "अहो काका, उच्चार सारखाच ना! एवढं कोण बघतंय?"

"मी बघतोय," म्हटलं.