मालूबाईंची पट्टी

बहादरपूरच्या भजनात पेटी लीलाधरभाऊंची, म्हणून पट्टीही त्यांचीच. त्या खालच्या सुरात त्यांच्या बायकोचा, मालूबाईंचा आवाज दबून जायचा. आज मालूबाईंनी बऱ्हाणपुरातून, हवी ती पट्टी लावता येणाऱ्या तबला-पेटीच्या साथीची सीडी हट्टाने आणली आणि घरच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायला घेतली. पडद्यावरची हिरवी रेघ सरकेना, तशा त्या चिडल्या, "चाल ना माय, जल्दी!"

एकदाचा ठेका सुरू झाला. मालूबाईंनी पट्टी थेट वर, काळी पाचवर नेली आणि पहिल्यांदाच मोकळा, खणखणीत गळा लावला. सोबत गायला गेलेले लीलाधरभाऊ अर्ध्यावरच खोकले.

"अगं, जरा खाली घे ना!"

"जलमभर मी उतरले," मालूबाई हसल्या, "आता तुम्ही चढा!"