बाकावरची पिशवी

"आत्या, डोळे मिट. आता उघड. झालं!"

"काय झालं?"

"तू जिवंत आहेस. सरकारने मान्य केलं."

आत्याने फोनकडे संशयाने पाहिलं. ती निवृत्त नर्स. पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी याच महिन्यातल्या पहिल्या सोमवारी कचेरीत हयातीचा दाखला द्यायला जायची. खिडकीतला कारकून तिचा अंगठा बघून नाक मुरडायचा. "पुसट आहे. उद्या या." कागदाखालून नोट सरकवली, की तोच अंगठा लख्ख दिसायचा.

"आता बंद झाली त्याची खिडकी," मी म्हटलं.

"बरंच झालं मेल्याचं." पण तिचा चेहरा उतरला. "आज सोमवार. टेलिफोनवाली आली असेल का गं?"

टेलिफोनवाली म्हणजे तिची रांगेतली मैत्रीण. एक्सचेंजमधून निवृत्त झालेली, तरी प्रत्येक वाक्याआधी 'हॅलो'. जी आधी येईल तिने बाकावर पिशवी ठेवून दुसरीची जागा धरायची. "हॅलो, चहापाणी दिल्याशिवाय आपण काही जिवंत होत नाही हं!" असं ती कारकुनाच्या तोंडावर म्हणायची, आणि अख्खी रांग खिदळायची.

"तिचा नंबर नाही तुझ्याकडे?"

"कशाला? दरवर्षी भेटायचोच. एखादी नाही आली, तर दुसरीने काय ते समजायचं." मग स्वतःशीच, "तिचंही कुणीतरी फोनवर करून दिलं असेल."

मंगळवारी मात्र तिला घरात चैन पडेना. मी सोबत गेले. खिडकीला फळी ठोकलेली, बाक तेवढा जागच्या जागी.

"मावशी, आता इथे कुणी येत नाही," शिपाई म्हणाला.

"हॅलो हॅलो करणारी एक बाई..."

"काल आल्या होत्या की! दाखला फोनवरच झालाय म्हणाल्या, तरी संध्याकाळपर्यंत बसल्या. जाताना विचारलं, नर्सबाई आल्या होत्या का? मी म्हटलं, नाही. मग बाकावरची पिशवी उचलून गेल्या."

आत्या माझा हात धरून उभी राहिली.

"म्हणजे मी गेले," ती म्हणाली. "तिच्या लेखी."

तिने चिठ्ठीवर आपला नंबर लिहिला आणि सवयीने खाली नोट धरली. "पुन्हा आली तर एवढं दे रे बाबा."

शिपायाने चिठ्ठी खिशात घातली, नोट परत केली. "ते बंद झालं आता, मावशी."

"अरे, आज पहिल्यांदा मनापासून देतेय!"

तो हसला. आत्या हसली नाही.

"चल, निघू या?" मी विचारलं.

"बस गं जरा."

ती बाकावर टेकली. पिशवी शेजारी ठेवली, आणि दाराकडे बघत राहिली.