ब्रेक तपासणाऱ्या शैलामावशी

शैलामावशी ड्राइव्हवेतून गाडी बाहेर काढत आणि लगेच कचकन ब्रेक मारत. रस्ता मोकळा असो, आजूबाजूला चिटपाखरूही नसो. मी अमेरिकेत, नोव्हायला, त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायला आलो, त्याच दिवशी त्यांनी मला किराणा आणायला बरोबर घेतलं. मी पुढे फेकला गेलो तो सीटबेल्टमुळे वाचलो.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. लागतो का बघितलं. गाडी नीट चालत असली की ब्रेकची आठवण येते का कुणाला?"

मावशींची अख्खी नोकरी मोटारींचे ब्रेक तपासण्यात गेली होती. जन्म पुण्याचा, त्यामुळे कुठलंही उत्तर त्या एकदाच द्यायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सांता क्लाराला. भारतीय पासपोर्ट सोडायला मन धजत नव्हतं, म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी रिटायर झाल्यावर घेतलं. शपथ घेऊन आल्या त्या संध्याकाळी थोडं रडल्या, मग श्रीखंड केलं आणि दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाच्या प्रचाराला लागल्या. मी विचारलं, विरोधीच का? "खुर्चीवर कोणीही बसलेला असो, त्याच्यासमोर कोणीतरी धड उभं पाहिजे ना? आत्ता हे धड उभे नाहीयेत, म्हणून मी जाते."

त्या दारोदार फिरायच्या तेव्हा मी ड्रायव्हर असायचो. मला मतदानाचा हक्क नव्हता, नुसता व्हिसा होता, आणि नागपूरहून आई दर रविवारी बजावायची, "तू काही त्या राजकारणात पडू नको बाप्पा!" पक्षाच्या पोरांनी बोलायचं काय ते पाठ करून दिलेलं होतं, त्यात अर्ध्याहून जास्त राष्ट्राध्यक्षांची निंदा. मावशी त्यातलं एक अक्षर उच्चारत नसत. दार उघडलं की म्हणत, "तुमच्याकडे स्कूल बस वेळेवर येते का?" मग समोरचा माणूस बराच वेळ बोलायचा आणि मावशी ऐकत उभ्या. पोरं वैतागायची. त्यांना मावशी सांगायच्या, "अरे, तो माणूस रागावलाय हे त्याला माहीत आहे. ते त्याला पुन्हा सांगायला आपण कशाला पाहिजे?"

आमच्या समोरच्या घरात डोना राहायची. तिच्या अंगणात सत्ताधारी पक्षाची पाटी, मावशींच्या अंगणात विरोधकांची. दोन पाट्यांच्या मधून एक स्टीलचा डबा रस्ता ओलांडत असे. मावशींनी चकल्या पाठवल्या की डबा बनाना ब्रेड घेऊन परत यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही, हे डोना कधीच शिकली होती.

निवडणूक झाली. आमच्या भागातून विरोधी पक्षाच्या बाई राज्याच्या विधानसभेवर निवडून आल्या, पण अगदी थोडक्यात. मावशींच्या आयुष्यातलं ते पहिलं मत. आणि मग गडबड सुरू झाली. मतमोजणी तपासून निकाल कायम करणाऱ्या मंडळावर दोन्ही पक्षांची दोन-दोन माणसं असतात आणि दोन्हीकडचं किमान एक मत बाजूनं पडावं लागतं. सत्ताधाऱ्यांच्या दोघांपैकी एकानं आधीच जाहीर केलं की निकाल मान्य नाही. दुसरी होती डोना. तिला धमक्यांचे फोन यायला लागले. तिच्या खिडक्यांचे पडदे बंद झाले, आणि लाडू घेऊन गेलेला डबा काही परत येईना.

आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र उत्साह ओसंडत होता. डोनाच्या घरासमोर निदर्शनं करायची ठरलं, आणि गणपतीतलं ढोल-ताशा पथक घेऊन जायचं! मीही होकाराच्या अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळा झालो. मावशींनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.

"ढोल? बाईच्या दारात? वरात काढताय का रे?"

"मावशी, प्रेशर आणायला नको का? ती लोकंही आणतायत, यार," आमचा पथकप्रमुख म्हणाला.

"ती घाबरलेली आहे. तुम्ही पण घाबरवलंत, तर ती कोणाच्या भीतीनं वागली एवढंच ठरेल. तिचं काम तिला करू दे. आणि तुम्ही गेलातच, तर मी तिच्या पायरीवर खुर्ची टाकून बसेन. मग वाजवा माझ्यासमोर." वर म्हणाल्या, "आणि ह्या थंडीत ताशाचं पान फुटेल, ते वेगळंच."

ढोल गॅरेजमध्येच राहिले. मतमोजणी मंडळाच्या सभेला मात्र मावशींनी सगळ्यांना नेलं. ऑफिसला दांडी मारून, कोट घालून, घोषणा न देता बसायचं, एवढीच अट. "मत दिलं की आपण घरी जातो, तिथेच चुकतं. शेवटपर्यंत बसायला माणसं लागतात." दुसऱ्या बाजूची माणसं ओरडत होती, आमची रांग मुकाट होती. मावशींचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला मला दिसला, ब्रेकवर असावा तसा. डोनाची पाळी आली. ती म्हणाली, "मी आकडे तपासले. दोनदा तपासले. ते बरोबर आहेत. माझा होकार आहे." बस्स, एवढंच. मला एकदम रडू आलं आणि त्याची अजिबात लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोना स्वतः डबा घेऊन आली. आत गरम ॲपल पाय. दारातच इंग्रजीत म्हणाली, "शैला, मी तुमच्या बाईला मत दिलेलं नाही. पुढच्या वेळीही देणार नाही."

"माहीत आहे गं," मावशींनी तिला आत ओढलं. "तू आमच्यातली असतीस, तर मला एवढं हायसं वाटलंच नसतं." त्या सकाळी दोघी कितीतरी वेळ चहा पीत बसल्या, आणि अधूनमधून एकमेकींच्या उमेदवारांना नावं ठेवत राहिल्या.

यंदा मावशी लेकीकडे सांता क्लाराला कायमच्या गेल्या. घर मला भाड्यानं दिलं, गाडी मला विकली आणि डबा हातात ठेवला. "पोह्यांशिवाय काही येत नाही तुला, तर पोहे दे. पण रिकामा देऊ नकोस." डोनाच्या अंगणात आता पुढच्या निवडणुकीची पाटी लागली आहे, अर्थात तिच्याच पक्षाची.

परवा ऑफिसला निघालो. ड्राइव्हवेतून गाडी बाहेर काढली आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. कचकन. पाटीशेजारची पानं गोळा करणारी डोना दचकली, मग मोठ्यानं हसली आणि तिनं मावशींसारखंच ओरडून विचारलं, "लागतोय का?"

मी काच खाली करून म्हटलं, "लागतोय!"