ज्याची माय येत नाई

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी तेव्हा नागभीडकडच्या एका गावात मास्तर. पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला की तालुक्यातल्या कामी आलेल्या जवानांची नावं मी वाचायची, हे ठरूनच गेलं होतं. यादी कचेरीतून यायची, चार नावांची. आणि दरवर्षी कार्यक्रम संपला की तळ्यावर मासे धरणाऱ्या घरची एक विधवा बाई टोपली बाजूला ठेवून मला गाठायची.

"गुरुजी, माह्या पोराचं नाव औंदाही नाई घेतलं. काऊन?"

तिचा एकुलता एक पोरगा काश्मिरात पडला होता. मी कचेरीत तीन खेपा घातल्या. कारकून यादीवर बोट आपटून म्हणायचा, "नाही म्हणजे नाही." असा संताप व्हायचा माझा! बाई मात्र यादीतल्या शेवटच्या नावाला हात जोडायची. बाकी तिघांच्या घरचे समोर बसलेले असत, याचं कोणीच नसायचं.

"त्याची माय नाई येत का हो? बिचारा!" म्हणत कन्हेरीचं एक फूल ती त्याच्यासाठी ठेवायची.

शेवटी मी चिडून म्हटलं, "बाई, पलटणीतून आलेला कागद असेल तर आणा. त्या कारकुनाच्या तोंडावरच फेकतो." तिनं डब्यातून काढून दिला. कागद इंग्रजी. पोरगा गेला एवढं पोस्टमननं तोंडी सांगितलेलं, पुढं कोणी वाचलाच नव्हता. मी वाचला नि खिशातली यादी काढून शेजारी धरली. गाव तिचं, बापाचं नाव तिच्या नवऱ्याचं, आणि पोराचं नाव यादीतलं शेवटचं. यादीत नुसतं नाव नि आडनाव; आडनाव अर्ध्या तालुक्याचं, त्यावरून काय कप्पाळ कळणार!

तिची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून याचं नाव तिनं उकिरड्यावरून ठेवलं होतं. मरणाला किळस यावी, त्यानं हात लावू नये. भरतीच्या वेळी पोराला त्या नावाची लाज वाटली असणार. साहेबापुढं त्यानं छानसं देवाचं नाव सांगितलं.

"काय लिवलं हाये, गुरुजी?"

काय सांगू तिला? ते नाव टाकून दिलं म्हणूनच पोरगा गेला, असं ती जन्मभर म्हणत बसली असती. "चांगला लढला म्हणून लिहिलंय," मी म्हणालो. पोराचाही राग आला, माझाही.

पुढच्या पंधरा ऑगस्टला यादीतलं शेवटचं नाव गाळून मी तिनं ठेवलेलं नाव खणखणीत वाचलं. पोरं फिदीफिदी हसली. असा खेकसलो की मैदान चिडीचूप. बाई पदर तोंडाशी धरून रडली. मग जवळ आली, ते एक फूल हातात तसंच.

"माह्याचं घेतलं, बेस केलं. पण त्या दुसऱ्याचं काऊन कापलं, भाऊ? त्याले तं कोणीच नाई."

त्यानंतर दरवर्षी मी पाच नावं वाचली.